मेण्या की कडक्या

आळंदच्या बस स्टँडमागच्या गल्लीत आता जिथं मोबाइलची रंगीत कव्हरं टांगलेली दिसतात, तिथं शरणप्पांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक अरुंद खोली. पाटी नव्हती. पाटीच्या जागी गाड्यांचं पोटातलं सामान टांगलेलं असायचं: दरवाज्यांची आतली अस्तरं, डॅशबोर्डचे तुकडे, एसीच्या जाळ्या, सीटखालची झाकणं. नवा माणूस भंगाराचं दुकान समजून पुढं निघून जायचा. शरणप्पा त्याला हाक मारायचे नाहीत. ज्याचं मोडलंय तो फिरून येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझं मोडलं होतं म्हणून मी गेले. माझ्या तीन व्हॅन आहेत. निंबर्ग्याकडच्या खेड्यांतून पोरं गोळा करायची, आळंदच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत न्यायची, हा माझा धंदा. इंजिन बिघडलं तर मेकॅनिक मिळतो, पत्रा चेपला तर डेंटिंगवाला मिळतो, पण आतलं प्लास्टिक मोडलं तर कुणी हात लावत नाही. बोटभर खिटी तुटली तरी शोरूमवाला अख्खं पॅनेल बदला म्हणतो आणि ते पॅनेल यायला पंधरा दिवस लागतात. पोरं बसतात त्या गाडीत पंधरा दिवसांत आणखी तीन वस्तू मोडलेल्या असतात.

त्या दिवशी मोडली होती ती पुढच्या दरवाज्याजवळची, वर चढताना धरायची मूठ. ड्रायव्हर म्हणाला, पोरांनी लोंबकळून मोडली. मी आठवडाभर पोरांवर डाफरत होते. दोघांना तर शिक्षा म्हणून मागच्या सीटवर बसवत होते.

शरणप्पांनी मूठ हातात घेतली. काटकुळा माणूस, साठीच्या अलीकडचा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाचा करंडक, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. मूठ त्यांनी पुढून पाहिलीच नाही. पालथी केली, मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे पोरांचं काम न्हाई."

"मग कुणाचं?"

"पोरं लोंबकाळली की सरळ खाली चिरतंय. हे आडवं चिरलंय. डाव्या हातानं धरून, पाय वर टाकून, समदं वजन एकदम घेतलंय. जड माणूस हाय. दुसरा हात रिकामा न्हवता. अन् घाईत हाय."

ड्रायव्हर जमिनीकडे बघू लागला. त्या बाजूनं गाडीत चढणारं, एका हातात पोरांच्या हजेरीची वही धरणारं आणि कायम घाईत असणारं माणूस आमच्याकडे एकच होतं. शरणप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आतून स्टीलची पट्टी घालू का, एवढंच विचारलं. मी घाला म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन पोरांना मी पुढं बसवलं. कारण सांगितलं नाही.

तेव्हापासून पुढं दहा-बारा वर्षं माझ्या गाड्यांचं आतलं सगळं काम त्यांच्याकडेच होतं.

त्यांची पहिली सवय म्हणजे ही पालथं करण्याची. कुणी काहीही घेऊन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मागून दाखवा." गिऱ्हाईक बिचारं पुढची भेग दाखवत असायचं, रंग जुळेल का विचारत असायचं. शरणप्पांचा सगळा जीव मागच्या बाजूला, जिथं फासळ्या असतात, खिट्या असतात, स्क्रूची भोकं असतात. जोड ते मागूनच घालायचे. पुढून केसाएवढी रेघ राहिली तर राहू द्यायचे, पण मागं जाळी पुरून, वितळवून, सारवल्यासारखं गुळगुळीत केल्याशिवाय वस्तू हातातून सोडायचे नाहीत. एकदा वैतागून मी म्हटलं, अप्पा, मागचं कोण बघायलंय? एकदा बसवलं की ते दरवाज्याच्या आत गेलं. ते म्हणाले, "पुढल्या खेपेला मोडलं की मीच बघनार की. मलाच माज्या तोंडाला काळं लावून घ्यायचं हाय व्हय?"

ती पुरायची जाळी म्हणजे चहाच्या जुन्या गाळण्या. स्टीलची गाळणी कापून तिचा तुकडा तापल्या सळईनं प्लास्टिकमध्ये दाबून बसवला की जोड हलत नाही. त्यामुळं गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं, गाळणी फाटली की टाकायची नाही, शरणप्पांना द्यायची. मीही नेऊन द्यायचे. बदल्यात ते बायकांच्या बादल्यांचे कान, डब्यांची झाकणं जोडून द्यायचे.

बादल्यांवर त्यांचा हात बसलेला होता, कारण मूळ धंदा तोच. तरुणपणी ते सायकलवर शेगडी बांधून खेडोपाडी फिरायचे आणि प्लास्टिकच्या घागरी जोडायचे. चिरलेली घागर घेऊन बाई दारात यायची. ते निखाऱ्यात सळई तापवायचे, जुन्या घागरीचा तुकडा त्या चिरेवर ठेवून वितळवायचे आणि मग घागर काठोकाठ भरून पायरीवर ठेवायचे. भाकरी खाऊन होईपर्यंत खाली थेंब दिसला नाही तरच मजुरी घ्यायची. पुढं गावोगावी नळ आले, घागरीही इतक्या पातळ आणि स्वस्त झाल्या की जोडण्यात अर्थ उरला नाही, आणि शरणप्पा गाड्यांकडे वळले. गाडीच्या कामाबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "ह्याला भरून बघता येत न्हाई," म्हणायचे. "घागरीचं बरं हुतं. पाणी लगेच सांगायचं."

पाण्याची जागा मग नाकानं घेतली. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गाडीतलं प्लास्टिक एका जातीचं नसतं. एक जात मेणचट असते. तिला कुठलाही गम धरत नाही, तिला तिच्याच जातीच्या तुकड्यानं वितळवून जोडावं लागतं. दुसरी जात कडक, टिचकी मारली की खणकन वाजणारी. ती थिनरमध्ये विरघळते. शरणप्पा तिचे तुकडे लोणच्याच्या बरण्यांत थिनरमध्ये भिजवून ठेवायचे. दोन दिवसांत त्याची घट्ट चटणी व्हायची. काळी, करडी आणि बदामी अशा तीन बरण्या फळीवर असायच्या. कडक जातीची भेग त्या चटणीनं बुजवली की जोड कुठं आहे ते सापडायचं नाही. पण तीच चटणी मेणचट जातीवर लावली तर ती नुसती वरवर बसते आणि चार दिवसांनी पापडासारखी सुटून येते. म्हणजे आधी जात कळली पाहिजे. दिसायला दोन्ही सारखीच असतात, वर रंग मारलेला असला तर विचारूच नका.

शरणप्पा मागच्या बाजूचा तांदळाएवढा तुकडा ब्लेडनं काढायचे, चिमट्यात धरून काडी लावायचे, लगेच फुंकून विझवायचे आणि धूर नाकाशी न्यायचे. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही. मग निकाल यायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर "मेण्या". गोडसर, जळक्या रबराकडे जाणारा आला तर "कडक्या". डोळ्यांत पाणी आणणारी एक तिसरी जात होती, तिचं नाव त्यांनी "रडव्या" ठेवलं होतं आणि ते काम ते घ्यायचेच नाहीत. या नाकासाठी त्यांनी तंबाखू सोडली होती. दुकानासमोर कुणी बिडी पेटवली तर हात जोडून पलीकडं जायला सांगायचे.

तासलेली कड साफ झाली की नाही हे बघायचीही त्यांची रीत होती. कापसाचा बोळा कडेवरून फिरवायचा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा घासायला बसायचे. माझ्या गाड्यांना तर दोनदा फिरवायचे. "पोरांचं कातडं कापसापेक्षा मऊ असतंय," म्हणायचे आणि मोजल्यासारखं पुटपुटायचे, "ओंदु, एरडु." मोजणं कन्नडमध्ये, माझ्याशी बोलणं मराठीत, जीपवाल्यांशी दखनीत. मधेच भाषा बदलताना त्यांचा हात थांबत नसे.

सगळ्यात जास्त गर्दी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या भागात अमावस्येला गाडीची पूजा केल्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नाही. लिंबू, नारळ, हळदी-कुंकू सगळं रीतसर. पण उदबत्ती खोवायला जागा कुठं? तर एसीच्या जाळीत. वारा येतो त्या पट्ट्यांच्या मधोमध उदबत्ती बरोबर उभी राहते, आणि शेवटाला पोहोचली की पट्टी वितळवते. कापराची ताटली डॅशबोर्डवर ठेवणारेही होते. डॅशबोर्डवर ताटलीच्या आकाराचा खळगा पडायचा आणि मालक म्हणायचा, उन्हानं झालं. शरणप्पा जाळी पालथी करायचे, बोटानं राख पुसायचे आणि विचारायचे, "ऊन कंच्या वासाचं हुतं? मोगरा का चंदन?"

एका वर्षी त्यांनी बटाटे आणले. अमावस्येच्या आदल्या दिवशी टोपली घेऊन जीप स्टँडवर गेले आणि प्रत्येक ड्रायव्हरला एक बटाटा दिला. उदबत्ती ह्यात खोवा, जाळीत न्हाई. लोक हसले, पण बटाटे वापरले. पुढच्या महिन्यात जाळ्यांचं काम निम्म्यावर आलं. मी म्हटलं, अप्पा, ही कुठली रीत? तुम्ही तुमच्याच हातानं गिऱ्हाईक घालवायलाव. ते म्हणाले, "एकच जाळी किती येळा जोडू, अक्का? मला बी कटाळा येतोय की." रज्जाकभाई नावाचे जीपवाले तेवढे बदलले नाहीत. दर महिन्याला त्यांची जाळी जळायची आणि दर महिन्याला ते शरणप्पांनाच नावं ठेवत दुकानात यायचे, की तुमचा बटाटा माझ्या बायकोनं भाजीत टाकला.

साथ ओसरून शाळा पुन्हा सुरू झाल्या त्या वर्षी शरणप्पांना ताप आला. पंधरा दिवस दुकान बंद होतं. बायको आधीच वारलेली, मुलगी महादेवी अफजलपूरला दिलेली. ती येऊन राहिली, बरे झाल्यावर गेली. दुकान उघडलं. मला काही वेगळं दिसलं नाही. थोडे वाळले होते एवढंच.

मग दुसऱ्या व्हॅनचा दरवाज्याचा कप्पा मोडला, पोरं ज्यात पाण्याच्या बाटल्या खुपसतात तो. शरणप्पांनी जोडून दिला. नेहमीसारखा, जोड सापडत नव्हता. पाचव्या दिवशी निंबर्ग्याच्या एका पोरीनं त्यात डबा ठेवला आणि अख्खा कप्पा खाली आला. मोडलेली कड तिच्या नडगीवरून ओरखडत गेली. जखम मोठी नव्हती, पण रक्त आलं. तिचा बाप माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की आम्ही पोरगी तुमच्या भरवशावर पाठवतो. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी तो कप्पा घेऊन दुकानात गेले. जोडाच्या जागी चटणीची पट्टी अलगद सुटून आली होती. पापडासारखी. मी इतकी वर्षं ऐकलेलं सगळं माझ्या हातात होतं: मेण्यावर कडक्याची चटणी लावली होती.

शरणप्पा पाठमोरे बसून घासत होते. शेजारी स्टोव्हवर चहाचं दूध ठेवलेलं होतं. ते उतू गेलं होतं, उरलेलं तळाला लागलं होतं, आणि जळक्या दुधाचा वास मला गल्लीच्या तोंडापासून येत होता. पातेल्याला आणि त्यांच्या पाठीला दोन हातांचं अंतर होतं. ते घासत होते.

मी स्टोव्ह बंद केला. त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कप्प्याकडे. मी भांडायला आले होते ते राहून गेलं.

"अप्पा, तुम्हाला वास येत नाही."

त्यांनी घासायचा कागद खाली ठेवला. "तापात गेला. फिरून आला न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गुलबर्ग्याचा डाक्टर म्हणला, आला तर येईल, न्हाई तर न्हाई. तेवढं मला बी कळत हुतं."

"मग हे कसं केलंत?"

धुराच्या रंगावरून, म्हणाले. मेण्याचा धूर पांढरट, कडक्याचा काळा. पण ह्या कप्प्यावर आधीच्या मालकानं काळा रंग मारला होता. रंग जळाला, धूर काळा आला, आणि त्यांनी कडक्या धरला. दोन महिने ते असंच अंदाजानं चालवत होते. किती ठिकाणी चुकलं असेल, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कुणाला सांगू नका, अक्का," ते म्हणाले. "हात चालनारी मानसं लई हायेत. त्या गुलबर्गा रोडवाल्याकडं तर गरम हवेची मशीन हाय. लोक इथं येत्यात ते नाकासाटी. नाक गेलं म्हणलं की दुकान गेलं."

मी सांगणार नाही म्हटलं. पण पुढचंही म्हटलं, कारण ते म्हणणं भाग होतं. माझ्या गाडीत पोरं बसतात. अंदाजानं जोडलेलं मला चालायचं नाही. तुमचा तुम्हाला उपाय सापडेपर्यंत माझं काम मी दुसरीकडं नेईन.

त्यांनी कप्पा माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा केला. मी निघाले तेव्हा ते सुटलेली पट्टी मागून बघत होते.

नंतरचे तीन आठवडे माझं काम गुलबर्गा रोडच्या दुकानात जात होतं. काम ठीक होतं. तिथला माणूस कापूस फिरवत नव्हता, तो मीच फिरवायचे. पण तिथं मला एक गोष्ट दिसली. त्या माणसानं पॅनेल पालथं केलं, काही जाळलं नाही, वास घेतला नाही, नुसतं वाचलं. मागच्या बाजूला दोन बाणांच्या मधे बारीक इंग्रजी अक्षरं ठसवलेली होती. काय आहे ते, मी विचारलं. तो म्हणाला, प्लास्टिकचं नाव. कंपनीच टाकते, सगळ्यांना माहीत असतं. कुठली अक्षरं कुठल्या जातीची, ते मी त्याच्याकडून समजून घेतलं.

मी तडक गल्लीत आले आणि शरणप्पांच्या छताला टांगलेलं पहिलं हाताला आलेलं अस्तर काढून पालथं केलं. अक्षरं होती. दुसऱ्यावरही होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या अक्षरांवरून त्यांचा अंगठा हजार वेळा फिरला असेल. गाडीच्या कंपनीचं नाव असेल, असं त्यांना वाटत आलं होतं.

मी अक्षरं दाखवली. ही अशी असली तर मेण्या, ही अशी असली तर कडक्या. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता दुखावले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. शरणप्पांना मी इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाले, "जगाला मागून बघा, मागून बघा म्हणून सांगायलोय. अन् मागं लिवलेलं मलाच दिसलं न्हाई."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण कामात असं होत नाही. त्यांनी अक्षरं एका दिवसात पाठ केली आणि चार दिवसांत ती अर्ध्या कामांना निरुपयोगी ठरली. मोडका तुकडा येतो तेव्हा अक्षरं असलेला भाग घरीच राहिलेला असतो, नाहीतर रस्त्यात पडलेला. बाजारातल्या नकली मालावर अक्षरंच नसतात. मी गेले की ते बिनअक्षरांचे तुकडे माझ्यापुढं ओळीनं मांडायचे. हे काय? हे काय? मलाही सांगता यायचं नाही.

उपाय त्यांचा त्यांनीच काढला. मी एका दुपारी गेले तर दुकानाच्या आत, मागच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेली पितळेची परात होती आणि ते उकिडवे बसून तीत तांदळाएवढे तुकडे टाकत होते. काही तरंगत होते, काही बुडत होते. घागर जोडताना उरलेली कात्रणं पाण्यावर तरंगायची, ते त्यांना आठवलं होतं. घागर म्हणजे मेण्याच. तेव्हा तरंगला तो मेण्या. बुडाला तर त्याच्या मागच्या बाजूला थिनरचा थेंब टाकायचा, विसापर्यंत मोजायचं आणि बोट लावायचं. चिकटलं तर कडक्या. चिकटलं नाही तर खडूच्या भुकटीसारखा भरीचा माल घातलेलं कायतरी आहे, त्याला त्याच्याच कात्रणांनी वितळवून जोडायचं आणि दोन दिवस दुकानात ठेवून ताण देऊन बघायचं. सगळं त्यांनी मला करून दाखवलं. मग कप्पा दाखवला, पोरीला लागलेला. नव्यानं जोडलेला, मागं दुहेरी जाळी. काठावर त्यांनी विटेचे दोन तुकडे टांगून ठेवले होते. किती दिवस टांगलेत, मी विचारलं. तुम्ही गेला त्या आठवड्यापासून, म्हणाले.

"मग परात आत का?" मी विचारलं. "अंधारात दिसत तरी आहे का तुम्हाला?"

त्यांनी आणखी एक तुकडा पाण्यात सोडला. परात बाहेर ठेवायची म्हणजे कामून ठेवली ते सांगायचं, हे मलाही कळत होतं. मी कप्पा गाडीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून माझं काम परत त्यांच्याकडे सुरू केलं. बाकीचा निर्णय त्यांचा होता.

तो त्यांनी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी घेतला. तसं करण्याचं कारण मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एक झाकण न्यायला गेले होते. दुकानापुढं सात-आठ ड्रायव्हर होते, आणि परात बाहेर, उंबऱ्याच्या पुढं, उन्हात. शरणप्पा तिच्यापुढं पाटावर बसलेले. रज्जाकभाई जळकी जाळी हातात घेऊन आले आणि लांबूनच ओरडले, "क्या अप्पा, धंदा बदल दिये? भजियां तलरे क्या?"

सगळे हसले. शरणप्पांनी चिमट्यातला तुकडा पाण्यात सोडला. तो बुडेपर्यंत त्याच्याकडे बघितलं आणि मग म्हणाले, "नाक गया, रज्जाकभाई. बुखार में गया. अब पानी सुंगता."

हसणं थांबलं. मी झाकण हातात धरून उभी होते. रज्जाकभाईंनी आपली जाळी बघितली, परात बघितली. मग लुंगी सावरून पाटासमोर उकिडवे बसले, जाळीचा जळका कोपरा स्वतःच्या नखानं मोडला आणि पाण्यात टाकला.

"डूब्या," ते म्हणाले.

"डूब्या," शरणप्पा म्हणाले आणि थिनरच्या बाटलीकडे हात नेला. "पर बटाटा कहां गया तुमारा?"

मग बाकीचे वाकले. तासाभरात अशी वेळ आली की ड्रायव्हर तुकडा पडण्याआधी पैज लावत होते, मेण्या की कडक्या. एकही जण काम परत घेऊन गेला नाही. पुढंही फारसं कुणी गेलं नाही. उलट परात बघायला माणसं थांबायची.

शरणप्पांना मात्र ते तितकंसं आवडलं नव्हतं. महिन्याभरानं मला म्हणाले, "आधी मी सांगत हुतो, लोक ऐकत हुते. आता समद्यांनाच दिसायलंय. माजं काय ऱ्हायलं त्यात?" मी म्हटलं, जोड राहिला. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणायला की नाही म्हणायला, ते मला कळलं नाही.

परातीवर त्यांनी आणखी तीन वर्षं काढली. मग गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली, पाटावरून उठणं होईना, आणि महादेवी त्यांना अफजलपूरला न्यायला आली. दुकान रिकामं व्हायला एक सकाळ लागली. बरण्या गुलबर्गा रोडवाल्याला दिल्या. परात लेकीनं पोत्यात बांधली. गाळण्यांची पिशवी मला परत मिळाली, तीत माझ्याच घरच्या दोन होत्या.

मी त्यांना बसवर सोडायला गेले, कारण व्हॅन रिकामी होती आणि पोत्यांना रिक्षा पुरली नसती. व्हॅनमध्ये चढताना त्यांनी मूठ धरली, ती पहिली, स्टीलची पट्टी घातलेली. चढून बसल्यावर तिच्यामागं बोट घालून चाचपून पाहिलं.

अफजलपूरची बस लागलेली होती. महादेवीनं त्यांना खिडकीशी बसवलं आणि ती सामान लावायला मागं गेली. मी खाली खिडकीजवळ उभी राहिले. निरोपाचं काय बोलावं ते मला कधीच सुचत नाही. पोचल्यावर फोन करा, असलं काहीतरी मी म्हणाले. शरणप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या समोरच्या सीटच्या पाठीचं प्लास्टिक मोडलेलं होतं, एक पट्टी लोंबत होती. त्यांनी ती पालथी केली. अंगठा फिरवला. मग नखानं तिचा बारीक तुकडा मोडला, महादेवीची पाण्याची बाटली उघडली आणि तुकडा आत टाकला.

बस सुटली. मी दोन पावलं बाजूला झाले. हात हलवावा म्हणून मी हात वर केला, तर त्यांचे दोन्ही हात अडकलेले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात झाकण. बाटली त्यांनी उजेडाकडे धरली होती आणि मान तिरकी करून बघत होते. बस फाटकापाशी वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला शोधून सांगितलं,

"मेण्या हाय, अक्का."